मुंबईचा पैसा, लंडनची गरिबी

माझी आजी लालबागच्या एका चाळीत राहायची. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, आणि नळ-संडास गॅलरीच्या टोकाला. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात तिनं जवळजवळ तीस वर्षं काम केलं. १९७४ साली मी अर्थशास्त्र घेऊन एम. ए. करत होतो. त्या वेळी ग्रंथालयात मला एक जुना सरकारी अहवाल सापडला. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं १९२१-२२ साली शहरातल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती, तिचा हा अहवाल १९२३ साली छापलेला. सुमारे अडीच हजार कुटुंबांचा हिशेब त्यात होता. त्यातल्या एका निष्कर्षानं मी जागच्या जागी थांबलो. मुंबईतल्या कामगाराच्या पोटात जेवढं धान्य जातं, ते तुरुंगातल्या कैद्याला नियमानं मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी आहे, असं सरकारनंच लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी मी उत्साहानं आजीकडे गेलो आणि तिला हे सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, ‘‘ह्या कोणी लिवल्यानी?’’ मी म्हटलं, सरकारनं. मग ती म्हणाली, तिचं लग्न होऊन ती मुंबईला आली त्यानंतर काही वर्षांनी अशीच माणसं वही घेऊन चाळीत आली होती. तेल किती लागतं, रॉकेल किती, वाण्याची उधारी किती, सगळं विचारून गेली. आणि मग तिनं जे वाक्य उच्चारलं ते मी आयुष्यात विसरलो नाही. ‘‘मोजूक इले ते इले, पण सांगूक कोण येऊक नाय.’’ मोजायला आले, पण सांगायला कोणी आलं नाही.

मजुरी, बेकारी, गरिबी या विषयांवर अर्थशास्त्रज्ञ संशोधन करतात. ते ज्यांच्याविषयी असतं त्यांच्यापर्यंत ते पोचतं का? व्याख्यानाच्या रूपानं ते पोचवण्याचा एक मोठा प्रयत्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये झाला. त्याच्या एका महत्त्वाच्या टप्प्याला पैसा मात्र मुंबईचा होता. ती हकीकत आज सांगायची आहे.

रतन टाटा हे नाव घेतलं की आपल्या डोळ्यांपुढे २०२४ साली निवर्तलेले उद्योगपती येतात. मी म्हणतो ते रतन टाटा वेगळे. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा, जन्म १८७१, मृत्यू १९१८. त्यांच्या पश्चात पत्नी नवाजबाईंनी नवल यांना दत्तक घेतलं. अलीकडचे रतन टाटा हे त्या नवल टाटांचे पुत्र. थोरल्या सर रतन टाटांना कलावस्तूंचा षोक होता आणि लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांचा मोठा वाडा होता. पण देण्याच्या बाबतीतही त्यांचा हात सैल होता. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला त्यांनी वेळोवेळी मिळून सव्वा लाख रुपये पाठवले. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला ते दरसाल दहा हजार रुपये देत. पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्चही त्यांनी उचलला.

१९१२ साली याच रतन टाटांनी लंडन विद्यापीठाला एक देणगी देऊ केली. दरसाल १,४०० पौंड, तीन वर्षं. हेतू असा की, दारिद्र्य का येतं आणि ते टाळण्याचे व निवारण्याचे मार्ग कोणते, याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा. विद्यापीठानं हे काम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे सोपवलं आणि तिथं रतन टाटा फाउंडेशन सुरू झालं. कुर्ल्याची स्वदेशी, नागपूरची एम्प्रेस या टाटांच्या गिरण्या. त्या गिरण्यांच्या मालकांच्या घरातला पैसा इंग्लंडमधल्या गरिबांचा अभ्यास करायला निघाला होता. हा उलटा प्रवास कुणालाही चक्रावून टाकेल असाच आहे.

फाउंडेशनचे संचालक म्हणून नेमले गेले आर. एच. टॉनी. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, १८८०चा. वडील तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य होते. ऑक्सफर्डचं शिक्षण संपवून टॉनी पूर्व लंडनमधल्या टॉयन्बी हॉलमध्ये राहायला गेले. १८८४ साली स्थापन झालेली ही संस्था अशी की, विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांनी गरीब वस्तीतच राहायचं, तिथल्या लोकांना शिकवायचं आणि त्यांच्याकडून शिकायचं. पुढे टॉनींना एक गोष्ट जाणवली. वस्तीत जाऊन दानधर्म करणं सोपं आहे, पण त्यानं मूळ प्रश्नाला हात लागत नाही.

१९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी कामगार शिक्षण संघटना काढली होती. तिच्या वतीनं जानेवारी १९०८मध्ये टॉनींनी दोन ठिकाणी वर्ग सुरू केले. लाँग्टन हे कुंभारकामाचं गाव, तर रॉचडेल कापडगिरण्यांचं. शुक्रवारी संध्याकाळी लाँग्टन, शनिवारी दुपारी रॉचडेल. वर्गाची रीत ठरलेली होती. पहिला तास व्याख्यान, दुसरा तास पूर्णपणे चर्चेचा. शिवाय कामगारांनी ठरावीक मुदतीनं निबंध लिहून द्यायचे. दिवसभर साच्यावर किंवा भट्टीपाशी उभी राहिलेली माणसं संध्याकाळी इंग्लंडच्या आर्थिक इतिहासावर वाद घालायला बसत.

या दुसऱ्या तासाचं महत्त्व मोठं आहे. आपल्याकडे व्याख्यान म्हटलं की हार, प्रास्ताविक, वक्त्याचा परिचय आणि शेवटी आभार. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेनं १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेनं आपल्याला ऐकण्याची मोठी सवय लावली, हे खरंच. पण व्याख्यात्याला अडवून ‘हे पटत नाही’ म्हणण्याची सवय त्या मानानं कमी. रॉचडेलचे विणकर टॉनींना अडवत. पुस्तकात मजुरीविषयी जे लिहिलेलं असतं ते त्यांच्या खात्यात तसं घडत नसे आणि ते तसं तोंडावर सांगत. १९१२ साली टॉनींचा शेतीच्या इतिहासावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या वर्गांतल्या विणकर, कुंभार, खाणकामगार आणि इंजिनिअरिंग कामगारांचं ऋण मानलं आहे. प्राध्यापकांचं ऋण सगळेच मानतात, विणकरांचं मानणारे विरळा.

असा हा माणूस रतन टाटा फाउंडेशनचा संचालक झाला आणि ऑक्टोबर १९१३मध्ये त्यानं फाउंडेशनचं उद्घाटनाचं व्याख्यान दिलं. ते पुढे पुस्तिका म्हणून छापलं गेलं. विषय होता, गरिबी हा उद्योगधंद्याचा प्रश्न. आज हे शीर्षक साधं वाटेल, तेव्हा ते तसं नव्हतं. दारू, आळस, उधळपट्टी, पोरांचं लेंढार ही गरिबीची कारणं आहेत, असं चांगले सुशिक्षित लोक मानत. म्हणून गरिबीचा अभ्यास करायचा म्हणजे भिकाऱ्यांचा आणि अनाथालयांचा अभ्यास करायचा, अशी समजूत होती. टॉनींचं म्हणणं असं की, आधी गिरणीत, खाणीत आणि गोदीत जाऊन बघा. तिथं मजुरी कशी ठरते, काम किती दिवस मिळतं, ते कोण देतं आणि कोण काढून घेतं, याचा शोध घ्या. बुडालेल्या माणसाकडे बघून नदीचा प्रवाह कळत नाही, असं आपण म्हणू शकतो.

व्याख्यानानंतर कामाला लागायचं होतं. टॉनींनी पहिला विषय घेतला तो साखळ्या घडवणाऱ्या बायकांचा. इंग्लंडच्या मध्य भागात क्रॅडली हीथ नावाचं गाव आहे. तिथल्या बायका घरामागच्या छोट्या भट्टीवर हातोड्यानं लोखंडाच्या साखळ्या घडवत. मध्ये दलाल. काम उक्त्यावर, जितकी साखळी तितके पैसे. आठवडाभर घण मारून पाच-सहा शिलिंग हाती पडत. आपल्याकडच्या विड्या वळणाऱ्या बायकांचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की हे लगेच कळेल.

१९०९ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला आणि अशा काही धंद्यांत किमान मजुरी ठरवण्यासाठी मंडळं नेमली गेली. साखळीच्या धंद्यात दर ठरला तासाला अडीच पेन्स. म्हणजे कित्येकींची कमाई जवळजवळ दुप्पट होणार होती. पण कायद्यात एक पळवाट होती. कामगारानं लेखी संमती दिली तर मालकाला सहा महिने जुनाच दर देता येई. मालकांनी कागद पुढे केले. यातल्या अनेक बायकांना वाचता येत नव्हतं. कशावर सही करतोय हे न कळता त्यांनी फुल्या मारल्या. स्वतःच्या हातानं स्वतःची मजुरी त्यांनी सहा महिने मागे ढकलली होती. तेव्हा मेरी मॅकार्थर ही कामगार पुढारी बाई तिथं पोचली. सभा घेऊन तिनं बायकांना त्या कागदाचा अर्थ समजावून सांगितला. १९१० साली बायका कामावर जायच्या थांबल्या आणि सुमारे दहा आठवड्यांनी त्या जिंकल्या.

कायदा लंडनला झाला होता, त्यामागचा अभ्यासही झाला होता. पण तो त्या भट्टीपर्यंत कुणी नेऊन सांगेपर्यंत त्याचा उपयोग शून्य होता, उलट अपायच होता. माझ्या आजीचं वाक्य मला इथं आठवतं.

त्या वेळचे बरेचसे जाणकार म्हणत होते की किमान मजुरी ठरवली तर धंदा बसेल आणि बायकांचं होतं ते कामही जाईल. टॉनींनी क्रॅडली हीथला जाऊन कामगार, मालक, दलाल, सगळ्यांशी बोलून बघितलं. १९१४ साली त्यांचं पुस्तक आलं. मजुरी वाढली होती, आणि भाकित केलेली बेकारीची लाट आलेली नव्हती. पुढच्या वर्षी शिंपीकामाच्या धंद्यावर त्यांनी असाच अभ्यास प्रसिद्ध केला. किमान वेतनाचा परिणाम प्रत्यक्ष जाऊन तपासणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या अभ्यासांत यांची गणना होते, आणि ते रतन टाटांच्या देणगीतून झाले.

याच काळात, फाउंडेशनच्याच आश्रयानं, १९१५ साली आणखी एक पुस्तक निघालं. लेखक ए. एल. बोली आणि त्यांचे सहकारी बर्नेट-हर्स्ट, प्रस्तावना टॉनींची. त्याआधी सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या कामगारांच्या घरोघर जाऊन गरिबी मोजली होती. ते काम फार खर्चिक. बोली संख्याशास्त्राचे प्राध्यापक. ते म्हणाले, सगळी घरं कशाला? नीट, कुठलाही पक्षपात न करता, थोडी घरं निवडली तरी पुरे. रेडिंग शहरात त्यांनी सुमारे वीस घरांमागे एक घर घेतलं. आपल्या बायका शितावरून भाताची परीक्षा करतात, तीच ही रीत. फक्त शीत कुठून उचलायचं याचा नियम त्यांनी घालून दिला.

नॉर्दम्प्टन, वॉरिंग्टन, स्टॅन्ली आणि रेडिंग अशा चार ठिकाणांच्या या पाहणीतून जे निघालं ते पुष्कळांना अनपेक्षित होतं. गरीब घरांतले कर्ते पुरुष फार मोठ्या संख्येनं रोज कामावर जात होते. ते आळशी नव्हते, आजारी नव्हते, बेकारही नव्हते. पूर्ण आठवडा काम करूनही त्यांची मजुरीच घर चालवायला पुरत नव्हती. टॉनींनी व्याख्यानात जे मांडलं होतं त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला.

हा बोलींचा सहकारी बर्नेट-हर्स्ट पुढे हिंदुस्थानात आला, अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि त्यानं मुंबईकडे मोर्चा वळवला. मुंबईतले कामगार आणि त्यांची घरं यावरचं त्याचं पुस्तक १९२५ साली लंडनला प्रसिद्ध झालं. म्हणजे मुंबईच्या पैशातून लंडनला जी पद्धत तावून-सुलाखून निघाली, ती फिरून परळ-लालबागच्या चाळींत आली. एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं, अंधारे जिने, तुंबलेली गटारं, सगळं त्यानं नोंदवलं. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकं वर्षाच्या आत दगावत होती. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म कमी नोंदले जात आणि हा आकडा थोडा फुगलेला दिसतो. ती सूट दिली तरी अंगावर काटा यावा असंच ते वास्तव आहे.

पण हे सारं इंग्रजीत होतं. लेबर ऑफिसचा अहवाल इंग्रजीत, बर्नेट-हर्स्टचं पुस्तक इंग्रजीत. ज्या घरांतून आकडे उचलले तिथं ते वाचणार कोण?

मग गिरणगावात काहीच नव्हतं का? होतं. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी भारत सेवक समाजात होते. तोच समाज, ज्याला रतन टाटांचा आधार होता. १९११ साली जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. लीगनं कामगार वस्तीत रात्रशाळा चालवल्या, वाचनालयं काढली आणि मॅजिक लँटर्नच्या साहाय्यानं व्याख्यानं दिली. काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर उमटायची, वक्ता मराठीत बोलायचा आणि लोक खाली बसून ऐकायचे. परळचा दामोदर हॉल हा याच लीगचा. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशीच गेले होते. चाळीत बोलणारा माणूस जगाच्या सभेत बोलला, आणि परत येऊन पुन्हा चाळीत बोलू लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, तेव्हा हे फाउंडेशन तिथं चालू होतं. टॉनी मात्र त्या वेळी युद्धावर होते. त्याच वर्षी सोमच्या लढाईत ते जबर जखमी झाले. दोघांची गाठ तेव्हा पडण्याचा संभव नव्हता. पण तीस वर्षांनी, एप्रिल १९४६मध्ये, मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं आणि १९४८ साली आपल्याकडे तो कायदा झाला. मजुरी वाढली की काम जाईलच असं नाही, हे क्रॅडली हीथला तपासून झालेलं होतं.

आता थोडं स्वतःविषयी. १९८० साली परळच्या एका हॉलमध्ये मला कामगारांपुढे बोलायला बोलावलं. विषय होता गिरणी कामगारांची मजुरी. टॉनी वाचून मी भारावलेला होतो. फळ्यावर आकडे लिहिले, सरासरी मासिक कमाई काढून दाखवली, महागाईशी ताळा घातला. पहिल्या पाळीची माणसं होती. दमलेली, पण ऐकत होती. माझं संपल्यावर मागच्या रांगेतला एक जण उठला. म्हणाला, ‘‘मास्तर, ह्या तुमच्या सरासरीत आमचे दिवस कुठले धरलेत? मी बदलीवाला. रोज सकाळी गेटावर उभा राहतो. महिन्याचे बारा दिवस भरले तरी देव पावला म्हणायचं.’’

मी महिन्याचे सव्वीस दिवस धरले होते. पुस्तकात तसेच धरतात.

त्या एका प्रश्नानं माझी सगळी मांडणी पाडली. पुढचं दीड वर्ष त्याच माणसाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या मदतीनं मी बदली कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, भरलेले दिवस मोजले. आकडे बदलले आणि निष्कर्षही बदलला. निबंध इंग्रजीत लिहिला, एका नियतकालिकात छापून आला, मला त्याचं कौतुकही मिळालं. हॉलमध्ये जाऊन तो मराठीत सांगायचा असं मी ठरवलं होतं. परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, मग जाऊ, असं करत राहिलो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो हॉल त्या दिवसांत सभांनी गजबजलेला असे, माझ्या आकड्यांना तिथं सवड नव्हती. आणि नंतर ती माणसंच पांगली. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झालं. ज्यानं मला तो प्रश्न विचारला, तो मला पुन्हा भेटला नाही. त्याच्या प्रश्नाचं पुढे काय झालं हे त्याला कधीच कळलं नाही.

आजी त्याआधीच, १९८१ साली गेली. ती असती तर काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे.

टॉनींनी दुसरा तास चर्चेसाठी का ठेवला, हे मला तेव्हा कळलं. गरिबांविषयीचं संशोधन गरिबांना सांगणं हे काही त्यांच्यावरचे उपकार नाहीत. ते सांगितलं नाही तर संशोधनातली चूकच कळत नाही. कैद्यापेक्षा कमी खातो, हे कामगाराला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण ते सरकारच्या कागदावर लिहिलं आहे, हे त्याला माहीत नव्हतं. ते कळलं असतं तर तो कागद हातात धरून त्याला काही मागता आलं असतं.

आजही पाहण्या होतात. घरकामाच्या बायका, बांधकामावरचे मजूर, मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोचवणारी मुलं, यांच्याकडे कुणी ना कुणी प्रश्नावली घेऊन जातं. उत्तरं देणारा आपला वेळ देतो, आपलं दुखणं सांगतो. माझी या क्षेत्रातल्या तरुण मित्रांना एकच विनंती आहे. प्रश्नावली गुंडाळून निघताना परत यायची तारीख सांगून या, आणि त्या तारखेला जा. त्यांच्या भाषेत सांगा, आणि एक तास गप्प बसून ऐकण्यासाठी ठेवा.

मला ते जमलं नाही. रेडिओवरून का होईना, चाळीस वर्षांनंतर, ते देणं थोडंफार फेडावं म्हणून हे बोललो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)